ओली फरशी

चोपड्याच्या त्या गल्लीत वच्छलाबाईंचं घर विचारलं, तर लोक सांगायचे, "ज्या ओट्यावर चप्पल काढायलासुद्धा संकोच वाटेल ना, तेच घर." इतकं लख्ख! वर्षातून चारदा ही बाई घर काढायची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी एकदा, श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी एकदा, घट बसायच्या आधी एकदा, आणि दिवाळीचं तर विचारूच नका. घर काढायचं म्हणजे डब्यांपासून गोधड्यांपर्यंत सगळं ओट्यावर, पत्र्याखालचे वासे लांब झाडूने झटकायचे, भिंतींना चुना, आणि शेवटी शहाबादी फरशी ब्रशने घासून धुवायची. ती वाळेपर्यंत मांजरानेही आत पाऊल टाकायचं नाही. एकदा टाकलं होतं, तर बाईंनी त्याला शेजारच्या गल्लीपर्यंत पिटाळलं होतं.

आणि अशा बाईच्या नशिबी नवरा कोण यावा? तर जीवरामनाना, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधले मशीनवाले! दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली, की होळीपर्यंत हा माणूस संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांवर रुई, कानात रुई, मिशीत रुई घेऊन. ओट्यावर त्यांचा पाय पडतो न पडतो तोच आतून आवाज यायचा, "कपडा झटका पहिले! पाय धुवा, मंग मझार या!" नाना निमूटपणे बाहेरच सदरा झटकायचे, ओट्याच्या कडेच्या नळावर पाय धुवायचे आणि मगच घरात शिरायचे. उभ्या संसारात कधी उलटून बोलले नाहीत. गरीब बिचारा माणूस.

गेले तेही तसेच. गेल्या वर्षी आखाजी तोंडावर आली होती, ऊन नुसतं रणरणत होतं, आणि बाईंनी फरशी नुकतीच धुतली होती. नाना बाहेरून आले, उंबऱ्याशी थबकले. म्हणाले, "जरा आडवं व्हस. छातीमा कसं तरी होस." बाईंनी मान वर करूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "फरशी ओली शे. बसा जरा बाकड्यावर, सुकू द्या." नाना ओट्यावरच्या बाकड्यावर बसले. फरशी वाळली तशी बाईंनी हाक मारली, पुन्हा मारली, मग चिडून बाहेर आल्या. नाना भिंतीला डोकं टेकून बसले होते, आणि ते काही उठले नाहीत.

त्या दिवसापासून वच्छलाबाईंनी घर काढलं नाही. कानबाई गेली, घट गेले, दिवाळी गेली. दुखवट्याचं वर्ष, म्हणून कुणी बोललंही नाही. पण खरं कारण बाईंना ठाऊक होतं. ब्रश हातात घेतला की त्यांना ते बाकडं दिसायचं. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की 'पाय धुवा' हे शब्द पुन्हा आपल्या तोंडून काढायचे नाहीत. अन् सांगणार तरी कुणाला होत्या?

या वर्षी आखाजी आली. आपल्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, पुरणपोळी करतात, आणि विस्तवावर घास टाकून गेलेल्या माणसाला जेवायला बोलावतात. बाईंनी घास टाकला. डोळ्यांत धूर गेला की रडू आलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. हळूच म्हणाल्या, "या हो. मी आते काही म्हनत नही. जसा शेतस तसा मझार या."

माणसाने पितरांना बोलवावं. पण असं मोकळं बोलवावं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यावर रुई होती. अगदी थोडी, कुणी सदरा झटकावा इतकी. बाकड्यापुढच्या फरशीवरही ती भुरभुरली होती, फक्त दोन जागा सोडून. त्या दोन जागा कोऱ्या होत्या, आणि त्यांचा आकार तळपायांचा होता.

समोरची जरीना तेव्हा दारात सडा टाकत होती. तिचा नवरा कादर गाद्या भरायचं काम करतो, त्यामुळे बाईंना वाटलं, त्याच्याकडचीच उडून आली असेल. कादरभाऊंनी येऊन चिमूटभर रुई उचलली, बोटांत चोळली आणि चेहरा जरा विचित्र केला. "अक्का, ही माझ्याकडची नाही. माझ्याकडे सगळी जुनी, गाद्यांतून काढलेली. ही आत्ता मशीनमधून निघाल्यासारखी आहे." 

"पण जिनिंगले त कुलूप शे," जरीना म्हणाली, "होळीपासून."

बाईंनी झाडू उचलला, आणि परत कोपऱ्यात ठेवून दिला.

खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटलीच नाही. आनंद झाला! रोज सकाळी त्या दार उघडायच्या, बाकड्याकडे बघायच्या आणि चहाचा जादा कप तिथे नेऊन ठेवायच्या. कपाच्या कडेला मग रुईचा एखादा तंतू चिकटलेला सापडायचा. पावलं मात्र उंबऱ्यापर्यंत येऊन थांबायची. सवय हो, दुसरं काय! बाई दाराशी बसून विनवायच्या, "या ना मझार. काही नही म्हनत."

आणि ज्येष्ठ सरता सरता नाना आत आले.

आधी खुंटीखाली रुई पडली, जिथे ते टोपी टांगायचे. मग खाटेजवळ. मग देवळीत, भाकरीच्या टोपलीत, पिठाच्या डब्यात. डब्याचं झाकण घट्ट असायचं, तरीही. बाई आवरायच्या नाहीत. जी बाई भिंतीवरचा डाग बघून जेवण सोडायची, ती आता रुईच्या थरातून पाय जपून टाकत चालायची, नानांची पावलं मोडू नयेत म्हणून. आषाढ लागला तेव्हा वाशांवरून पांढऱ्या लडी लोंबत होत्या. बाहेर पावसाने सगळं चिंब, आणि हे घर आतून कोरडं ठाक. बाईंना खोकला लागला. नानांनाही असाच कोरडा खोकला असायचा, म्हणून त्यांना तोही आवडला. वेडच ते! पण वर्षभर एकट्याने भिंतींशी बोलून बघा, मग नावं ठेवा.

श्रावणात मुलगा आला. स्वप्नील धुळ्याला नोकरीला आहे. बरोबर सून पुनम आणि काही महिन्यांचा पियुष. नाना गेल्यानंतर झालेलं हे पोर; आजोबांनी त्याला पाहिलंच नव्हतं. गेल्या वर्षी कानबाई बसली नव्हती, यंदा बसवायची होती, तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळायचे होते. त्यासाठी मंडळी आठवडाभर आधीच आली.

पुनम उंबऱ्यातच थांबली. सासूच्या स्वच्छतेच्या धाकाने लग्नानंतर पहिलं वर्ष जिने रडत काढलं होतं, ती आ वासून बघत राहिली. "आई, हे काय झालंय घराचं?"

"राहू दे वं," बाई म्हणाल्या. "मी काढसू सावकाश."

स्वप्नीलने बायकोला डोळ्यांनीच गप्प केलं. आई खचली आहे, असं त्याला वाटलं. दोघांनी मिळून पाळण्यापुरती जागा झाडली, वाशाला पाळणा बांधला. पियुष मात्र आल्यापासून खुशीत होता. बाकड्याकडे बघून हात काय नाचवायचा, हसायचा काय! बाकड्यावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळण्याखाली रुई पडलेली होती. आदल्या दिवशी झाडलेल्या जागेवर. आणि तिच्या मधोमध दोन कोरे तळपाय, पाळण्याकडे बोटं केलेले.

बाईंचा ऊर भरून आला. नातू बघायला आलेत! कुणाला सांगावं, कसं सांगावं, या विचारात त्या चुलीपाशी उभ्या होत्या, इतक्यात पुनम किंचाळली. पियुषला ठसका लागला होता. चेहरा लाल, श्वासाला शिट्टी. पुनमने त्याच्या ओठांवर दिसणारा पांढरा तंतू चिमटीत धरला आणि ओढला. तो आला, आणखी आला, येतच राहिला. ती ओढते आहे आणि तो संपत नाही. शेवटी सुटला तेव्हा पोराने टाहो फोडला, आणि पुनमच्या तळहातावर रुईचा ओला गोळा होता.

डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ गेली आहे, जागा बदला किंवा घर साफ करा. परत आल्यावर पुनम आवाज न चढवता बोलली, आणि ते जास्त लागलं. "आई, मी भांडत नाही. पण आज घर निघणार नसेल, तर आम्ही दुपारच्या गाडीने धुळ्याला जातो. आणि असं असेल तोपर्यंत मी पियुषला इथे आणणार नाही."

वच्छलाबाई ओट्यावर आल्या. एकीकडे तो माणूस, जो त्यांच्या बोलावण्याने आला होता, आणि ज्याला बाहेर बसवल्याचा डाग कशानेही निघत नव्हता. दुसरीकडे ती शिट्टी वाजणारी इवलीशी छाती. घर काढायचं म्हणजे त्यांना काढायचं. एकदा बाहेर बसवलं होतं तेव्हा ते कायमचे गेले. आता झाडू मारून घालवायचं?

बाई बाकड्यासमोर उभ्या राहिल्या. स्वप्नील आणि पुनम दारातून बघत होते, पण त्यांना आता कुणाची लाज उरली नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या. "मी म्हनी ऱ्हायनू नव्हतू का, काही म्हनाव नही? आते म्हनस. नातूले तरास होस तुमना. कपडा झटका. पाय धुवा. मंग मझार या." बाईंनी पदर तोंडाला लावला, मग काढला. "पण बाकड्यावर बसनं नही आते. फरशी ओली ऱ्हायनी तरी चालस. तशाच या."

पागोळीचं पाणी ठिबकत होतं.

मग बाईंनी कासोटा खोचला. आणि काय सांगू, वर्षभराचं घर त्या दिवशी निघालं! डबे, भांडी, खाटा, सगळं ओट्यावर आलं. स्वप्नीलने वासे झटकले तेव्हा रुईच्या लडी खाली आल्या, पोतंभर, मग आणखी एक पोतंभर. गोधड्यांच्या शिवणीतून, नानांच्या फोटोच्या काचेमागून, बंद कुलपाच्या पेटीतून रुई निघतच राहिली. पोत्यात दाबून भरली तरी पोतं हातात हवेसारखं लागायचं. पियुष जरीनाकडे होता. त्याला झोप लागली तशी तिने त्याला आणून पाळण्यात टाकलं, तोवर भिंती पांढऱ्या झाल्या होत्या आणि आत रुईचा कणही उरला नव्हता. शेवटी बाईंनी ब्रश घेतला आणि गुडघ्यांवर बसून फरशी घासली. पाळण्याखाली, खाटेच्या जागी, उंबऱ्यापर्यंत. पुनमने पाणी लोटलं. सगळे बाहेर येऊन टेकले.

दिवस कलायला आला होता. दार सताड उघडं होतं, ओली फरशी चकाकत होती आणि आत पाळणा स्थिर लोंबत होता.

ओट्याच्या कडेचा नळ सुरू झाला.

"कुणी सोडला?" म्हणत स्वप्नील उठायला लागला. बाईंनी त्याचं मनगट धरलं, इतकं घट्ट की त्याने वळून आईकडे पाहिलं. नळाखालचं पाणी सरळ पडत नव्हतं. मध्येच कशावर तरी आपटून दोन्ही बाजूंना फुटत होतं. आधी एका जागी, मग जरा सरकून दुसऱ्या. मग नळ बंद झाला. बाकड्याजवळ हवेत थोडीशी रुई उडाली, सदरा झटकल्यावर उडते तशी, आणि पागोळीच्या पाण्यात पडून वाहून गेली.

उंबऱ्याच्या आत, ओल्या फरशीवर, एक पाऊल उमटलं.

मग दुसरं. सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसाने चालावं तसं. पावलं पाळण्यापाशी गेली आणि तिथे शेजारी शेजारी थांबली. पाळणा हलकासा हलला. आतून पियुष हुंकारला, आणि मग खळखळून हसला.

पुनम धावली. तिने पोराला उचलून छातीशी धरलं, त्याच्या पाठीला कान लावला, तोंडात बोट घालून पाहिलं. शिट्टी नव्हती. काही नव्हतं. श्वास स्वच्छ चालू होता. ती खाली बघत मागे सरली. पाळण्यापाशी गेलेली पावलं होती, तिची स्वतःची होती, आणि परत येणारं पाऊल एकही नव्हतं. तिने कोपऱ्यातलं फडकं उचललं.

"पुसू नको," वच्छलाबाई बाहेरून म्हणाल्या. "सुकी जातीन आपोआप."

"आई, तुम्ही आत येता का?" पुनम रडवेली होऊन म्हणाली. "मला भीती वाटतेय."

"येस ना," बाई म्हणाल्या. "पण फरशी ओली शे." आणि त्या पदराने डोळे पुसत नानांच्या बाकड्यावर बसल्या, आणि वाळेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.