चित्राचा पुठ्ठ्याचा कीबोर्ड

मी एक जुना पुठ्ठा आहे. हसलात ना? खुशाल हसा, मित्रांनो, मला सवय आहे. माझ्यातून कधी वीज वाहिली नाही, मला वायर नाही, पडदा नाही. तरीही ठाण्यातली एक पोरगी माझ्यावर बोटं चालवून कॉम्प्युटर प्रोग्रामर झाली, आणि हे मी कुणालाही ठणकावून सांगायला तयार आहे.

माझा जन्म बिस्किटांच्या खोक्याची एक बाजू म्हणून झाला. १९८७ साली चेंदणी कोळीवाड्याच्या नाक्यावरच्या वाण्याने मला रद्दीत द्यायला बाहेर काढून ठेवलं होतं. चित्रा तिथून चालली होती. तिने मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि सरळ काखोटीला मारलं.

त्याचं कारण असं. चित्राची आई सखुबाई बाजारात मासळी विकायची. बारावी झाल्यावर चित्राने हट्टाने नौपाड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं. तिथे मशीन तीन आणि मुलं चाळीस. चपला बाहेर काढून त्या थंडगार खोलीत शिरायचं, एका मशीनपुढे दोघांनी बसायचं, तेही आठवड्यातून अर्धा तास. चित्राच्या जोडीला आला हरिहर. त्याने पहिल्याच दिवशी खुर्ची पुढे ओढली आणि सांगून टाकलं, "मी टाइप करतो, तू वहीतलं वाच." प्रोग्राम लिहायची चित्रा, वाचून दाखवायची चित्रा आणि बटणं दाबायचा हरिहर. तक्रार केली तर सर म्हणाले, "अगं, अर्ध्या तासासाठी काय भांडता? बघून पण शिकता येतं."

बघून! मला आजही त्या सरांचा राग येतो. काठावर बसून कोणी पोहायला शिकलंय का?

क्लासच्या खालीच चांगदेव मास्तरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. दुपारी तिथे कोणी नसायचं. मास्तरांना विचारून चित्रा एका टाइपरायटरशेजारी बसली आणि पट्टीने प्रत्येक बटण मोजून तिने ते माझ्यावर काळ्या शाईने आखलं. त्या दिवशी माझी रद्दीतून सुटका झाली.

मग रोज डोळे मिटून माझ्यावर बोटांचा मारा. सखुबाईला काही उमगेना. "काय गो पोरी, पुठ्ठ्यावर काय बडवतंस?" एकदा तर तिने मला अंगणात पसरून माझ्यावर सुकट वाळत घातली. "आये, तो माझा कीबोर्ड हाय!" चित्रा ओरडली. सुकट निघाली, वास काही निघाला नाही. चित्राने मला क्लासला नेलं, तेव्हा त्या बंद खोलीत हरिहरने नाक मुरडलं.

"कसला वास मारतोय गं?"

"सुकटीचा. आमच्या घरचा आहे. जवळ ये, अजून येईल."

तेव्हा मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

वर्षभराने वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याने शिकाऊ प्रोग्रामरसाठी परीक्षा ठेवली. जागा एकच. आपला नंबर येईपर्यंत बोटं मोकळी करायला चित्राने मला पिशवीतून नेलं. एका तासात प्रोग्राम लिहायचा आणि स्वतः मशीनवर चालवून दाखवायचा होता. लिहून वीस मिनिटांत झाला. मशीनवर मात्र पहिलीच ओळ अडली. तेव्हा प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे, आणि पहिल्या ओळीचा नंबर होता दहा. चित्राने ती ओळ टाइप केली, मशीनने चूक दाखवली. पुन्हा केली, पुन्हा चूक. तिसऱ्यांदाही तेच.

कॉम्प्युटर खात्याचे मार्सेल साहेब मागे येऊन उभे राहिले. "मशीनची सवय नाय तुला, पोरी. राहू दे. पुढच्या वर्षी ये."

"वेळ संपली का, साहेब?"

"नाय. पंचवीस मिनिटं आहेत."

"मग मी उठणार नाही."

आणि तिने मला बाहेर काढून खऱ्या कीबोर्डशेजारी ठेवलं. मागे बसलेली मुलं फिदीफिदी हसली.

"हे काय आणलंस?" साहेबांनी विचारलं.

"माझा कीबोर्ड. यावरच शिकले मी."

चित्रा एकेक बटण ताडून पाहू लागली. काही चिन्हं इकडची तिकडे होती, पण वहीत रोज लिहिल्यामुळे ती तिला बटणांवर बघून ओळखता येत होती. पण वरच्या रांगेत मशीनवर आकडे एकापासून होते आणि माझ्यावर दोनापासून! मित्रांनो, त्या जुन्या टाइपरायटरवर एकाचं बटणच नव्हतं. इंग्रजीतला छोटा एल दाबला की कागदावर एकासारखा दिसे, मास्तरांचे सगळे विद्यार्थी तेच करत आणि चित्राच्या बोटांनाही तीच सवय लागली होती. वाचणारा माणूस ते चालवून घेतो, मशीन चालवून घेत नाही. चूक माझ्याच अंगात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चित्राला रडायला वेळ नव्हता. "एक!" असं मोठ्याने म्हणून तिने ते बटण दाबलं आणि पुढे तिची बोटं थांबलीच नाहीत. चार मिनिटं शिल्लक असताना पडद्यावर बरोबर उत्तर आलं. साहेबांनी आकडे बदलून पाहिले, तरी बरोबर. मागचं हसणं बंद झालं होतं.

"सोमवारपासून ये," साहेब म्हणाले.

आता चित्रा त्याच खात्याची प्रमुख आहे. खरा कीबोर्ड मिळाल्यावर तिने मला हात लावला नाही, त्याचं थोडे दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी कारखान्यातल्या तिच्या खोलीत कपाटावर पडून असतो. कसरीने माझा एक कोपरा खाल्लाय, शाई उडालीय. तीन वेळा नवे कीबोर्ड आले आणि भंगारात गेले, ते मी वरून पाहिलं.

मला जपून ठेवा अशी विनवणी मी करणार नाही. मी पुठ्ठा आहे, जाणारच. पण तुमच्या शेजारी कोणी नुसतं बघायला बसलं असेल, तर उठा आणि तिला खुर्ची द्या. तुम्ही नाही उठलात तरी ती शिकणारच आहे. पुठ्ठे काय, कुठल्याही वाण्याकडे मिळतात.