सगळ्यांचं उरलेलं

मित्रांनो, मी भाताचा एक जुना टोप आहे. कारखान्यात पत्र्याची चकती यंत्राखाली दाबून मला खोलगट केलं, काठ वळवले आणि दुकानात मांडलं. तिथून एका नव्या नवरीने मला उचललं. पुढे सगळं घर तिला आई म्हणू लागलं. भात मोकळा झाला की माझं कौतुक व्हायचं. तळाची करपलेली खरवड मात्र आईची. ती ओट्यापाशी उभ्या उभ्याच खायची.

मग आईचे गुडघे गेले. आमचं घर तळमजल्यावर. तिची थोरली बहीण त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेली. लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, गुडघे बदलू, पण आधी वजन उतरवा. आईला एवढंच हवं होतं, जिना चढून ताईच्या उशाशी बसायचं.

घराने मनावर घेतलं. निदान जिभेवर तरी घेतलं. बाबा म्हणाले, भातानेच चरबी चढते, पोळी बरी. लेक म्हणाली, पोळीत काय सोनं लागलंय, भाकरी खा, पोट भरलेलं राहतं. धाकटा व्यायामशाळेतून ऐकून आला की या सगळ्यांपेक्षा मोडाची कडधान्यं सरस. वादात प्रत्येकाला आपापलं पथ्य सापडलं आणि प्रत्येकाने ते सुरू केलं. रांधायला आई होतीच. गुडघे चोळत ती एकटीच, सवयीचा भात धरून, चार तऱ्हा करू लागली.

लेक अर्धी भाकरी टाकून उठायची. धाकटा उसळीला कंटाळून बाहेर खाऊन यायचा. अन्न टाकवत नाही म्हणून आई ते गिळायची. बाबांची पोळी, लेकीची भाकरी, धाकट्याची उसळ आणि वर माझी खरवड. भात की पोळी, यावर सगळ्यांनी डोकं खाजवलं. आईच्या पोटात रोज सगळंच जातंय, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

वजनाचा काटा पुढे सरकला, तशी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

"तुझं तोंडच आवरत नाही," बाबा म्हणाले.

"मग उद्यापासून तुमचं उरलेलं तुम्ही खा," आई म्हणाली.

सगळे हसले. आईने काही विनोद केला नव्हता.

गुन्हेगार कुणीतरी हवाच होता. धाकट्याने मला उचलून जिन्याखाली, गळक्या नळाखाली नेऊन ठेवलं. तेव्हापासून मी तिथेच आहे. आई रोज यायची, कठडा धरून एखाद-दोन पायऱ्या चढायची, धापा टाकत थांबायची आणि वर हाक मारायची, "ताई, जेवलीस का गं?" वरून बारीक आवाजात हो यायचं. तो आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मग यायचाच बंद झाला.

एका सकाळी ताईच खाली आली, चौघांच्या खांद्यांवरून. आई माझ्याशेजारी उभी होती. तिला एकही पायरी चढावी लागली नाही.

मित्रांनो, आता मी म्हणायला हवं की मला घासा, पुसा, जपा. मला नका जपू. माझा पत्रा गंजला तर गंजू दे. जेवून उठाल तेव्हा ताटात जे टाकलंत, ते कुणाच्या पोटात जातं एवढं एकदा मागे वळून बघा. तुम्ही बघणार नाही, हेही मला ठाऊक आहे. आत्ताही आतून वाद ऐकू येतोय, पोळी बरी की भाकरी. आई दोन्ही करते आहे.