दारावरची चमकती पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तसे माझे वय जेमतेम दोन वर्षे; पण पुन्हा पुन्हा भाजून निघाल्यावर कोण तरुण राहील?

शेलूबाजारच्या नव्या वस्तीत जानरावांच्या दाराशेजारी मी टांगलेली आहे. त्यांच्या सुनेने, सपनाने मला घडवले. पॉलिमर क्ले नावाचा मऊ रंगीत गोळा तिने कणकेसारखा मळला, लाटला, कडेने पिंपळपाने लावली. अंधारात चमकणाऱ्या क्लेची अक्षरे वळली आणि छोट्या ओव्हनमध्ये मला भाजले. दिवसा उजेड पिऊन घ्यायचा आणि अंधार पडला की हिरवट झळकायचे, एवढेच माझे काम. माझ्यावर दोनच नावे होती. वर सासूचे, चंपाबाई, खाली जानराव. चंपाबाईंनी आपल्या नावावरून हळूच बोट फिरवले. "हे मी हाओ?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

पण घरच्यांना दम कुठला! जानराव म्हणाले, "मी एस्टीत होतो, ते नको का लिहाले? सेवानिवृत्त वाहक!" झाले, मी पुन्हा ओव्हनमध्ये. मग सपनाचा नवरा प्रसेनजित म्हणाला, "माह्यं नाव कुठी आहे?" पुण्याहून धाकट्या संघदीपचा फोन आला, "मले इसरले का?" अहो, मी पाटी आहे की मतदारयादी?

जागा उरली नाही. प्रसेनजित सहज बोलून गेला, "आईचं नाव काढ. तिले कोन भेटाले येते?"

सपना चिडली. "घर आईचं नाही का? मी नाही काढत!"

"राहू दे वं बाई," चंपाबाईच म्हणाल्या. "नाव नसलं तं मी घराबाहेर होतो का?"

सुरीच्या टोकाने त्यांची अक्षरे उपटली गेली. मी पुन्हा भाजले गेले. कडा तपकिरी झाल्या, एक पान तडकले. वर मला टांगले कुठे, तर छपरीच्या सावलीत! उजेड मिळेना, म्हणून मी मंद झाले, आणि सगळे मलाच म्हणू लागले, "चमकतच नाही लेकाची!"

एका संध्याकाळी लाइट गेली होती. दाराशी एक थकलेली बाई आली, हातात पिशवी. समोरच्या दुकानदाराला विचारत होती, "चंपाबाई कुठी राह्यते? लग्नाआधी आमी आसेगावात संगं वावरात निंदाले जात होतो. मी जमना."

"चंपाबाई? त्या नावाचं इथं कोनी नाही, मावशी."

दोन वर्षे रोज साखर-चहापत्ती देणारा माणूस हा! त्याला फक्त 'प्रसेनजितची आई' माहीत. जमनाबाईंनी माझ्याजवळ येऊन फिकट अक्षरे जोडून जोडून वाचली, मान हलवली आणि शेवटची जीप गाठायला निघून गेल्या. मित्रांनो, त्या वेळी मला ओरडता आले असते तर! चंपाबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. मला आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी कुठून तरी नंबर मिळवून जमनाबाईंच्या भाच्याने फोन केला. चंपाबाईंनी शांतपणे ऐकले. फोन खाली ठेवून म्हणाल्या, "माह्या दारातून वापस गेली ते." मग बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. प्रसेनजित तर मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा.

शेवटी जानरावांनीच सुरी आणली. आपले 'सेवानिवृत्त वाहक' त्यांनी स्वतः खरवडले. "सपना, इथं लिव्ह. मोठ्या अक्षरात."

आता मी उन्हाच्या बाजूला आहे. चंपाबाई आणि जानराव सकाळीच आसेगावला गेले आहेत, जमनाबाईंना भेटायला. ते निघताना सपनाने सासूच्या पिशवीत चमकत्या क्लेचा एक दिवा ठेवला. त्यावर 'जमनाबाई' लिहिले आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी पाटी तुमच्या दारावर असेल, तर तिला ऊन दाखवा, ओल्या फडक्याने पुसा आणि उगाच खरवडू नका. आणि पाटी लिहायला बसाल तेव्हा आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारा, "आई, तुझं नाव कसं लिहू?"