पाळण्यातलं नाव

मी एक पाळणा आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. नवा असतो तर मित्रांनो, तुमच्याशी गप्पा मारायला मला फुरसत कुठली मिळाली असती? नशिराबादच्या एका केळीवाल्या घरात, माळ्यावर, फुटकं घमेलं आणि जुन्या गोधड्यांचं गाठोडं यांच्या मधे माझा मुक्काम असतो. आमच्याकडे मला पायना म्हणतात. म्हणोत बापडे, मला राग नाही. मला राग येतो तो फक्त एका गोष्टीचा, आणि ती मी ओघात सांगेनच.

मला तोताराम सुताराने घडवलं. लाकूड सागाचं आणि कड्या पितळेच्या. तोताराम मोठा बढाईखोर होता. "ह्या पायन्यात हत्तीचं पिल्लू घाला, दोरी तुटंल पन पायना नही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. हत्ती काही आला नाही. आलं ते बारा दिवसांचं किडकिडीत पोर. त्याच्या आधीचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले होते, म्हणून घरातली माणसं त्याच्याकडे बघतानासुद्धा भीत होती. आत्याने माझ्यावर वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं, "आनंदा". तिच्या पाठीत बायकांनी रीतीप्रमाणे धपाधप बुक्के घातले, आणि त्याच दुपारी पोराच्या आईने काय करावं? पोराला उचललं, उकिरड्यावर नेलं, शेणकचऱ्यात दोनदा लोळवलं आणि मोठ्यानं ओरडली, "ह्याचं नाव उखर्डू!" सटवीला वाटावं, हे तर टाकाऊ पोर, ह्याला कशाला न्यायचं?

सटवी फसली. उखर्डू चांगला सत्तावन्न वर्षं जगला. मात्र त्याच्या आईच्या मनातली भीती कधी गेली नाही. खरं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणजे नाही! मग शाळेत उखर्डू, सातबाऱ्यावर उखर्डू, लग्नपत्रिकेतही चि. उखर्डू. आत्या वारली. पुढे आईने ते नाव एकाच माणसाला सांगितलं, सुनेला, शेवंताबाईला. तेही माझ्याजवळ बसून, तिच्या कानाशी लागून. म्हणून मला ठाऊक.

आता गंमत बघा. नाव कुणाला सांगितलं, तर बायकोला! नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्याकडे बायकांना बंदी. फार तर उखाण्यात घ्यायचं, आणि उखाण्यात "आनंदराव" म्हटलं असतं तर बायकांनी विचारलं असतं, "हा कोन व माय?" तिजोरीला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी, तसं झालं ते.

माझे कामाचे दिवस फार सुखाचे होते. आधी माझ्यात उखर्डूची लेक बेबाबाई झोपली, मग मुलगा सुकदेव. बेबाबाई शांत होती. सुकदेवने मात्र मला इतकं भिजवलं, की सागवान होतो म्हणून टिकलो. एकदा दुपारी सुकदेवला झोका देताना उखर्डूनाना बायकोला म्हणाले, "शेवंता, एकदा म्हन ना व माह्यं खरं नाव. इथी कोनी नही."

"अवो! नवऱ्याचं नाव घेत असता का कोनी?" शेवंताबाई पदरात तोंड लपवून हसली.

"एकदाच म्हन."

"म्हनीन कधीतरी."

ते कधीतरी राहूनच गेलं. सुकदेव मोठा झाला, मी माळ्यावर गेलो, आणि पंच्याऐंशी साली नाना केळीच्या बागेतून आले, पाणी प्यायले आणि गेले. त्या रात्री शेवंताबाई माळ्याच्या शिडीशी येऊन बसली होती.

सुकदेव धुळ्याला शाळामास्तर झाला. त्याच शाळेत विशाखा नावाची मास्तरीण होती. ती बौद्ध घरातली, हा आमच्या पाटलांचा. दोघांनी रजिस्टर लग्न केलं. जात आडवी आली, हे गुळगुळीत शब्दांत सांगायला मी काही पुढारी नाही. शेवंताबाईने तीन वर्षं मुलाचं तोंड बघितलं नाही. तिकडे विशाखाचे वडील यादवबापू, धुळ्याच्या पोस्टात हेडक्लार्क, तेही ताठ. "पोरगी शिकवली ती कुणाच्या उंबऱ्यावर मान खाली घालून उभी राहायला नाही," असं त्यांनी बजावलं होतं. बरोबरच होतं त्यांचं. मित्रांनो, माझ्यात एका घराच्या दोन पिढ्या झोपल्या. एकाही पोराच्या अंगाला मला जातीचा वास आला नाही. जो वास आला तो वेगळाच होता, आणि तो सगळ्यांचा सारखा होता.

मग एक्क्याण्णव साली विशाखाला मुलगा झाला. नातू म्हटल्यावर शेवंताबाईचा राग उन्हात ठेवलेल्या गुळासारखा पाघळला. तिने मला खाली उतरवलं, चिंचेनं कड्या घासल्या आणि निरोप धाडला, "बारसं इथीच व्हईन, आमच्या पायन्यात. नाव आत्या ठेवीन." यादवबापूंचं उत्तर आलं, "जरूर येऊ. पण नाव दोन्ही घरांना आपलं वाटेल असं हवं. नाहीतर आम्ही येणार नाही, आणि विशाखाही येणार नाही." शेवंताबाईने ते ऐकलं आणि बराच वेळ माझी कडी घासत राहिली. घासून घासून पितळ पातळ झालं. सून आली नाही तर नातू कुठून येणार, आणि आज तुटलं तर पुन्हा जुळणार नाही, हे तिला कळत होतं.

मग नावांची जी लढाई झाली! यादवबापू पोस्टातले, म्हणून सगळा मजकूर ते उघड्या पोस्टकार्डावर लिहायचे. लपवण्यासारखं आहे काय त्यात, असं त्यांचं म्हणणं. आमचा पोस्टमन निंबा ते कार्ड वाटेतच वाचायचा, आणि घरी पोचेपर्यंत आख्ख्या गल्लीचं मत त्याच्याजवळ तयार असायचं. "राहुल लिव्हलं हाये, अक्का. पन गल्लीत तीन राहुल हायेत, एकाले हाक मारली का तिघं येता अन् तिघंबी खायाले मागता." राहुल बाद. इकडून गजानन गेलं, तिकडून "विचार करतो" असं आलं, म्हणजे नाही. तिकडून सिद्धार्थ आलं. शेवंताबाईने चार वेळा म्हणून बघितलं आणि चारही वेळा तिची कवळी निसटली. इकडून विठ्ठल, तिकडून मिलिंद. पोर चार महिन्यांचं झालं तरी दवाखान्याच्या कागदावर नुसतं "मुलगा".

शेवटी बापूंचं कार्ड आलं, "अशोक". सम्राट अशोक त्यांचा, आणि अशोकाचं झाड आमच्या दारात. सगळे खूश! निंबाने पेढे मागून घेतले. बेबाबाईला अमळनेरहून बोलावलं. ती आली, नाव ऐकलं आणि मटकन खाली बसली.

"हे नाव माह्यानं घेतलं जानार नही."

"काबरं व?" शेवंताबाईने विचारलं.

"अवो माय! तुह्या जावयाचं नाव काय हाये?"

घरात त्यांना सगळे जावईबापूच म्हणायचे. त्यांनाही नाव असेल, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं! सुकदेव धुळ्याहून आलेलाच होता, तो म्हणाला, "ताई, उखाण्यात घे ना मग."

"पोऱ्याच्या कानात उखाना घेऊ? अन् पुढं? त्याले जेवाले बोलवाचं तं रोज उखाना जोडू का?"

अशोकही बाद झालं.

बारशाचा दिवस ठरला होता, तो काही थांबला नाही. नावाचा पत्ता नाही आणि घुगऱ्या शिजून तयार! बापू आणि त्यांची बायको भागाबाई सकाळच्या एसटीने आले. सोबत विशाखा आणि बाळ. विशाखा तीन वर्षांत पहिल्यांदाच ह्या दारात आली होती. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. देवघरात समई होती, तिच्या शेजारी बापूंनी मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हटलं. गल्लीतल्या बाया पदर सावरून ऐकत होत्या. मग बाळ माझ्यात आलं. मित्रांनो, किती वर्षांनी! गुबगुबीत, गरम, आणि आल्याआल्या ओलं. बापासारखंच.

बापू उभे राहिले. "शेवंताबाई, मी शेवटचं एक नाव आणलंय. तथागतांचा सगळ्यात जवळचा शिष्य, बायकांना संघात घ्या म्हणून ज्यानं पुन्हा पुन्हा विनवलं. तुमच्याकडंही हे नाव ठेवतातच. आनंद."

घुगऱ्यांचं पातेलं शेवंताबाईच्या हातातून पडलं. ती बापूंकडे बघतच राहिली. ती वळली, आतल्या खोलीत गेली आणि दाराची कडी लावून घेतली.

झालं! सगळ्यांना जे वाटायचं तेच वाटलं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सुकदेव दारावर थापा मारत होता, "माय, अवो माय, दार उघड!" बापूंनी चपला घातल्या आणि पिशवी उचलली. विशाखाचे डोळे भरले. तिने वाकून बाळाखाली हात घातले.

आणि इथे, मित्रांनो, एकट्या मला खरं माहीत होतं! अरे, थांबा! ती रुसली नाही रे! ते तिच्या नवऱ्याचं नाव आहे! मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं. माझ्याजवळ होत्या फक्त चार कड्या. मी जीव खाऊन करकरलो. बाळ हलत होतं, त्याच्या हलण्याचा आधार घेऊन मी करकर, करकर, करकर केलं. आणि बेबाबाईने काय करावं?

"ह्या पायन्याच्या कड्या किती वाजता व माय! तेल नही घातलं वाटतं," असं म्हणून तिने समईतलं तेल घेतलं आणि माझ्या चारही कड्यांत ओतलं. माझा आवाजच बंद. हाच तो राग, जो मी आजवर विसरलेलो नाही.

बापू उंबऱ्याशी पोचले तेव्हा आतली कडी निघाली. शेवंताबाई बाहेर आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, नाना असतानाचं, हिरव्या काठाचं. ती सरळ बापूंसमोर गेली, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. "बसा, भाऊ," म्हणाली. मग माझ्या कडीला धरून उभी राहिली. आणि सहा वर्षं विधवा असलेल्या त्या बाईने, भरल्या घरात, उखाणा घेतला:

"सागाचा पायना, पितयेच्या कड्या, पायन्याले रेशमी दोरी;
आनंदरावांचं नाव घेते, ज्यायले उखर्डू म्हने दुनिया सारी!"

सुकदेव पुटपुटला, "माय... नानाचं?"

"पायन्यातलं नाव हाये बाप्पा त्यायचं. तुह्या आजीनं माह्या कानात सांगेल व्हतं." आता मात्र तिला रडू आवरेना. "एकदा म्हन, म्हनत व्हते माले. एकदाच म्हन. म्या मेलीनं नही म्हटलं. अन् आज ह्या भाऊंनी ते नाव धुयाहून आनून माह्या दारात ठेवलं."

भागाबाई उठली आणि तिच्याजवळ बसली. "रडू नका बहीण," ती आपल्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाली, "बठ्ठं चांगलं व्हयनं." म्हणजे सगळं चांगलंच झालं. बापूंनी चपला काढल्या. एवढा ताठ माणूस, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. विशाखाने हात मागे घेतले, बाळ माझ्यातच राहिलं. बेबाबाईने वाकून नाव सांगितलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत असे बुक्के घातले की माझा सूड आपोआप उगवला.

आता पुढची पंचाईत ऐका. नातवाचं नाव पडलं नवऱ्याचं, मग आजीने त्याला हाक कशी मारायची? शेवंताबाई त्याला "अहो" म्हणू लागली! "अहो, दूध प्या. अहो, अंगनात शी नका करू." पोराला वाटलं, आपलं नाव हेच. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं तेव्हा तो छाती काढून म्हणाला, "अहो सुकदेव पाटील."

आता मी परत माळ्यावर आहे. मित्रांनो, मला वाळवी लागू देऊ नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा, एवढीच विनंती. आणि आपल्या माणसाने "एकदा म्हण" म्हटलं, तर तेव्हाच म्हणून टाका. ते कधीतरी फार लबाड असतं.

त्या बारशाच्या संध्याकाळचं एक सांगतो आणि थांबतो. पाहुणे ओट्यावर बसले होते, बाळ विशाखाच्या मांडीवर होतं, आणि मी आत एकटाच टांगलेला होतो. शेवंताबाई आली. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी तिने दोरी धरली, एक झोका दिला आणि अगदी हळू म्हणाली, "आनंदा." राव नाही, उखाणा नाही. मग कान देऊन थांबली. मी उत्तर द्यायला गेलो, पण कड्यांत तेल होतं.

ती तरी हसली, आणि पुन्हा एकदा म्हणाली.