बोयानच्या वाढदिवसाची अकरा सोंगं

(फ्रिजवर चिकटवलेला कागद. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. वेळा लाल शाईत.)

२:०० पाहुणे येतील. सोंगं चढवणे.

नोव्हेंबरपासून झोर्नित्सा चिंध्या फाडत होती. जुने पडदे, चादरी, नवऱ्याने मागे टाकलेले शर्ट, सगळ्याच्या बोटभर पट्ट्या. एका सोंगाला चारशे पट्ट्या, आणि सोंगं अकरा. कागदाच्या लगद्याचे मुखवटे, त्यांना दात, शिंगं, शेळीचे केस. कमरेच्या घंटा तिने गावभर हिंडून मागून आणल्या होत्या. बोयानला सातवं लागणार होतं आणि त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं, की आई, मला सुरव्याची सोंगं आवडतात. सुरवा म्हणजे ऐन थंडीत घंटा वाजवत वाईटाला हाकलायचा सण; पेर्निक शहरात त्याची मोठी जत्रा भरते.

"अगं, पोराचा वाढदिवस आहे की लढाई?" शेजारच्या त्सोंका मावशीने विचारलं होतं.

"लढाईच," झोर्नित्सा म्हणाली. त्सोंका हसली. झोर्नित्सा हसली नाही.

ओग्न्यान, तिचा घटस्फोटित नवरा, स्पेनमध्ये होता. शरदात तो फोनवर म्हणाला होता, "पुढच्या वर्षी पोरगा इथल्या शाळेत जाईल, बघच तू." न्यायालयाने मूल तिला दिलं होतं. पण ग्रीसच्या सीमेवरचा कुलाताचा नाका गाडीने दोन तासांवर, आणि आता तिथे कोणी गाडी थांबवत नाही. म्हणून वाढदिवस असा हवा होता, की या घरातून बोयानचं मन कशानेच हलणार नाही.

२:२० नियम.

"मुखवटा चढला की बोलायचं नाही. नाव सांगायचं नाही. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. शेवटपर्यंत गप्प राहील त्याला बक्षीस!"

गावातली मोठी सोंगंही असंच वागतात. ओळख पटली की वाईट गोष्ट माग काढते, म्हणतात.

अकरा मुखवट्यांनी माना डोलावल्या.

२:३५ (हे कागदावर नव्हतं.)

खिडकीतून तिला राखाडी गाडी दिसली. नंबराची पाटी परदेशी. बर्फाच्या कडेकडेने हळू गेली आणि चर्चच्या मागे वळली.

कोणाला सांगायचं? मागच्या महिन्यात शाळेसमोर अशीच एक गाडी पाहून तिने पोलीस बोलावले होते. निघाला तो पावाच्या गाडीचा माणूस. गाव अजून हसत होतं. तिने फक्त सगळ्यांत मोठी घंटा शोधली, जाड आवाजाची, आणि बोयानच्या कमरेला करकचून बांधली.

"दुखतंय," मुखवट्याच्या आतून.

"गप्प. बोललास तर बाद."

२:४५ मिरवणूक. चौकापर्यंत आणि परत.

ढोल घेऊन त्सोंका पुढे निघाली. झोर्नित्सा ओव्हनपाशी थांबली, पण कान रस्त्यावर होते. दहा घंटा किणकिणत होत्या, अकरावी घुमत होती. चौकात गेली. थांबली. मग घंटा पुन्हा घुमली, जवळ येत गेली, आणि फाटकातून आत आली.

तिने डोळे पुसले. उगाच घाबरते मी.

३:३० अंगणातला नाच. (फोटो!)

ती मोठ्या घंटेच्या सोंगापुढे वाकली. मुखवट्याच्या भोकांतून निळे डोळे तिच्याकडे बघत होते.

बोयानचे डोळे काळे आहेत.

"तू कोण?"

सोंगाने मान हलवली. नाही.

"कोण आहेस तू? बोयान कुठाय? बोयान!"

कोणी ओ दिली नाही. तिने मोजलं. दहा. परत मोजलं, पण सोंगं उड्या मारत जागा बदलत होती, तिच्याभोवती फेर धरत होती. त्यांना वाटलं हाही खेळच, आणि जितकी ती ओरडली तितक्या घंटा जोरात वाजल्या. तिने एक मुखवटा ओढला. गल्लीतल्या स्तोयानची धाकटी मुलगी. दुसरा ओढला, शिंग तुटलं, पोरगा भोकाड पसरून रडायला लागला. तिसरा. चौथा. दहाव्या मुखवट्याखालीही बोयान नव्हता.

"मी बोलू?" निळ्या डोळ्यांची मुलगी म्हणाली. "बक्षीस जाणार नाही ना?"

"बोल!"

"चौकात त्याने मला घंटा दिली. जड होती म्हणून. मग तो त्याच्या बाबांच्या गाडीत बसला."

झोर्नित्सा वळली. त्सोंकाच्या गळ्यात अजून ढोल होता.

"तू पाहिलंस, मावशी?"

"पाहिलं की. ओग्न्यान म्हणाला, झोर्नित्साशी बोलणं झालंय, पोराला पेर्निकची जत्रा दाखवून आणतो."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"मला वाटलं, तेही तूच ठरवलं असशील!" त्सोंकाचा आवाज चिरका झाला. "तू काय ठरवायचं बाकी ठेवलं होतंस, पोरी?"

४:१० केक.

"मुलाने काय घातलंय?" फोनवरच्या पोलिसाने विचारलं.

"चिंध्या. पायापर्यंत. शिंगांचा मुखवटा."



"बाई, आज सुरवा आहे. पेर्निकच्या रस्त्यावर तसे पाच हजार आहेत. गाडीचा नंबर?"

नंबर तिने पाहिला नव्हता.

४:३० आंधळी कोशिंबीर.

मुलांपाशी त्सोंकाला ठेवून झोर्नित्साने काढलेली तिची जुनी गाडी दुसऱ्या गिअरवरच किंचाळत होती. महामार्गाच्या तिठ्यावर जत्रेच्या गाड्यांची दुपारपासूनची रांग लागलेली. डावीकडे पेर्निक, उजवीकडे कुलाता. प्रत्येक बसच्या काचेला मुखवटे चिकटलेले, प्रत्येक गाडीत शिंगं. तिने गाडी कडेला सोडली आणि रांगेतून पळत सुटली, काचा ठोकत, आत वाकून बघत. "बोयान?" एक मुखवटा वळला, आतून दाढीवाला माणूस हसला. "बोयान?" लोकांनी हॉर्न वाजवले, कोणी तिला वाईनची बाटली पुढे केली. रांग पुढे सरकत होती, आणि सरकलेली प्रत्येक गाडी एकतर डावीकडे जात होती, नाहीतर उजवीकडे.

राखाडी गाडी पुढून तिसरी होती. वळायचा दिवा कुठलाच लागलेला नव्हता, ना डावा, ना उजवा.

५:०० मुलांना न्यायला आई-वडील येतील.

तिने मागचं दार उघडलं. चिंध्यांचा ढीग. शेजारी बोयानची नसलेली नवी कोरी बॅग, किमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेली.

बोयानने आपणच मुखवटा काढला. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"आई! बाबा म्हणाले तूही येणार आहेस. खरंच आलीस!"

आरशात ओग्न्यानचे डोळे होते. ते तिच्याकडे बघत नव्हते.

तिने बोयानच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"हो," ती म्हणाली. "ठरलंच होतं." आणि आत बसून बोयानला मांडीवर ओढलं.

"झोर्नित्सा, ऐक, मी फक्त..."

"डावीकडे घे."

"तुला वाटतंय तसं नाहीये."

"डावीकडे, ओग्न्यान. पोराला जत्रा बघायचीय."

"बघायचीय," बोयान म्हणाला. "आणि मग केक."

मागून कोणीतरी लांबलचक हॉर्न दिला. पुढच्या दोन गाड्या गेल्या. ओग्न्यानने दोन्ही हात चाकावर ठेवले होते आणि बोटं पांढरी पडली होती. बोयान बापाकडे बघत होता, मग आईकडे, आणि त्याचं हसू हळूहळू कमी होत गेलं. तिने त्याला आणखी घट्ट धरलं. इतकं घट्ट की चिंध्यांच्या आतली त्याची बरगडी हाताला लागली.

मागचे हॉर्न वाढत गेले.

मग डावा दिवा टिकटिकायला लागला. गाडी हलली, वळली, घंटांच्या गदारोळात शिरली. तरी झोर्नित्साने दाराच्या कडीवरचा हात काढला नाही.