अख्खा लॉट नापास

बटण्याला संध्याकाळ नावाचा आजार होता. दिवसभर तो बटणांच्या कारखान्यात भोकं मोजायचा. चार असली की बटण पास, तीन असली की भंगारात. इथवर आयुष्य बरं चाललं होतं. पण सुट्टीचा भोंगा झाला की माणसं आपापल्या माणसांकडे जायची आणि बटण्या खोलीवर फ्रिजकडे जायचा. फ्रिज घुर्र करायचा. बटण्या म्हणायचा, "हो ना." एवढ्या गप्पांवर रात्र काढायची.

शेवटी तो संध्याकाळच्या कॉलेजात गेला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कुठला कोर्स?"

"ज्याला गर्दी असेल तो."

"गर्दीचे भरले. हे चार कुणी घेत नाही. गुणवत्ता नियंत्रण, वाचनकौशल्य, धर्म आणि स्पॅनिश. चार वेगवेगळ्या वारी."

"मग चारही द्या," बटण्या भाजी घ्यावी तसा म्हणाला.

फोनवर ताईने त्याला फैलावर घेतलं. "वाचनकौशल्य? अरे बावळटा, तुला वाचता येतं!"

"येतं गं. पण एकट्यालाच."

पहिल्या दिवशी क्वालिटीच्या वर्गात फळ्यापाशी सर, आणि बाकांवर बटण्या धरून चार विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी वाचनाच्या वर्गात पाहतो तर कालचे क्वालिटीचे सर बाकावर पेन्सिलीला टोक काढत बसलेले, आणि काल बटण्याकडे खोडरबर मागणाऱ्या बाई फळ्यापाशी उभ्या.

"सर, तुम्ही इथे?"

"हळू बोल," सर कुजबुजले. "चारपेक्षा कमी डोकी असली की प्राचार्य वर्ग बंद करतात. म्हणून आम्ही मास्तर लोक एकमेकांच्या वर्गात बसतो. क्वालिटी, वाचन, धर्म, स्पॅनिश. एक शिकवतो, तिघं शिकतात."

"आणि चौथा विद्यार्थी?"

"तू रे बाबा."

आपण नसलो तर कुणाचं तरी अडतं, ही बातमी बटण्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. त्या दिवसापासून तो अंगात ताप असला तरी वर्गाला यायचा.

वर्ष झकास गेलं. क्वालिटीच्या सरांनी शिकवलं, की मूठभर माल तपासायचा आणि तो खराब निघाला तर अख्खा लॉट परत पाठवायचा. धर्माचे सर म्हणाले, शेजाऱ्यावर प्रेम करावं. बटण्याने शेजारी फक्त दाराबाहेरच्या चपलांपुरता पाहिला होता. त्याने घरी जाऊन त्या चपला सरळ लावून ठेवल्या. स्पॅनिशच्या मॅडम वर्ग सुटताना म्हणायच्या, "आस्ता मान्याना", म्हणजे उद्या भेटू. बटण्याने एकदा फ्रिजलाही म्हणून बघितलं. फ्रिज घुर्र करायचा थांबला. मनाला लागलं असावं.

मग परीक्षा आली. पास होणाऱ्याचा कोर्स संपत होता. नापास होणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागत होतं. म्हणजे काय करायचं ते उघड होतं. पण एकट्याने नापास होऊन भागणार नव्हतं. मास्तर लोक पास होऊन मोकळे झाले, तर बाकावर उरणार एकटा बटण्या, आणि एका डोक्याचा वर्ग प्राचार्य ठेवणार नाहीत. आता शिकल्यासवरल्या माणसांना 'जरा नापास व्हा ना' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्याने आपल्यापुरतं केलं. वाचनात मांजराचा उतारा होता, त्याने पुलाबद्दल उत्तरं लिहिली. धर्मात तीर्थस्थानं विचारली, त्याने बसचे थांबे लिहिले. स्पॅनिशचा पेपर मराठीत सोडवला. बटणाला नऊ भोकं चालतात, असं क्वालिटीत लिहिताना मात्र त्याने डोळे मिटून घेतले.

शेवटच्या पेपरानंतर मॅडम म्हणाल्या, "आदिओस." हे निरोपाचं. उद्याचं त्यात काहीच नव्हतं.

निकालाच्या दिवशी त्याने फलकावर आधी स्वतःचं नाव बघितलं आणि ताईला फोन लावला. "ताई, चारही विषयांत नापास."

"वाचनातसुद्धा?"

"हो. निकाल मीच वाचला."

"कर्म माझं! आणि इतका खुशीत कशाला आहेस?"

"थांब, अजून खुशीत नाहीये. बाकीच्यांचं बघायचंय." त्याने फोन ठेवला. बोट खाली सरकवायला धीर होईना. मग सरकवलं. क्वालिटीचे सर: तिन्ही विषयांत नापास. वाचनाच्या बाई: तिन्हीत. धर्माचे सर, मॅडम, सगळे तिन्हीत. मॅडमना तर धर्मात शून्य होतं.

मागे वळून पाहतो तर चौघंही उभे. प्रत्येक जण स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"पेपर अवघड होता," धर्माचे सर म्हणाले.

"फारच," वाचनाच्या बाई म्हणाल्या. "मला तर प्रश्नच वाचता आले नाहीत."

क्वालिटीच्या सरांनी चष्मा पुसला. "अख्खा लॉट परत. पुन्हा पहिल्यापासून."

"आस्ता मान्याना," मॅडम सवयीने म्हणाल्या आणि निघाल्या.

वास्तविक दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला मोठी सुट्टी होती. तरी संध्याकाळी बटण्या सहज फाटकापाशी गेला. वाचनाच्या बाई तिथे सहज उभ्या होत्या. मग बाकीचेही एकेक करून सहज आले.

"काय काम आहे?" वॉचमनने विचारलं. "बंद आहे."

 वर्षभर चार विषय झाले होते, पण या प्रश्नाचं उत्तर एकातही शिकवलेलं नव्हतं.

क्वालिटीच्या सरांनी पुढे होऊन फाटकाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि अंधार पडेपर्यंत पाचही जण आळीपाळीने कुलूप तपासत राहिले.