काँप्रेसरचं तोंड आणि आतोबांचा टॉवेल

आत्याच्या कारखान्यात लोखंडी कपाटं रंगवतात. रंग फवारायला हवा पुरवणारा काँप्रेसर कोपऱ्यात असा बोंबलायचा की शेजारच्याशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागे. एकदा आत्या ओरडली, "करडा!" रंगाऱ्याने ऐकलं, "तांबडा!" कुठल्याशा कचेरीची अकरा कपाटं लालभडक होऊन वाळत उभी राहिली.

आत्याने मला बोलावून घेतलं. मी मशीनं दुरुस्त करतो, आणि भाचा असल्यामुळे मला नाही म्हणता येत नाही.

"आठ दिवसांत ह्याचं तोंड बंद कर," ती म्हणाली.

मी अक्षरशः तेच केलं. प्लायवूडची पेटी ठोकून मशीन आत कोंडलं. तासाभरात ते तापून गपकन बंद पडलं.

"तोंड बंद कर म्हटलं होतं, जीव घे नाही!"

मग पेटीला वारा खेळायला झरोके पाडले, आतून फोम चिकटवला, मशीनच्या पायांखाली रबर घातलं. थरथर गेली, पण गुरगुर काही हटेना. कान लावून फिरलो तेव्हा उमगलं, खरा गोंगाट होता तो मशीन जिथून हवा ओढतं तिथला. तिथे जाड पाइप जोडला आणि मागच्या भिंतीतून बाहेर काढला. आत शांत! मी ऐटीत चहा मागवला.

चहा येण्याआधी रंगाऱ्याची फवारणी फुसफुसायला लागली. मशीनला धाप लागली होती. मी मागे धावलो.

आत्याचं घर कारखान्याला लागूनच. पाइपाचं तोंड निघालं होतं बरोबर न्हाणीघराच्या खिडकीखाली. आतोबांनी टॉवेल चौकटीवर टाकला होता. त्याचं लोंबतं टोक पाइपाने गिळलं होतं. आणि अंगभर साबण लावलेले आतोबा खिडकीतून अर्धे बाहेर वाकून दुसरं टोक ओढत होते.

"अरे, सोडत नाही हा!"

"आतोबा, तुम्ही सोडा!"

"मी कसा सोडू? घरात दुसरा टॉवेल नाही!"

मी धावत जाऊन बटण बंद केलं. टॉवेल सुटला, आणि आतोबाही. आतून बादलीचा आणि आतोबांचा, असे दोन आवाज पाठोपाठ आले.

दुसऱ्या दिवशी पाइप वळवून छपरावर नेला, तोंडाला जाळी बसवली आणि मध्ये आवाज गिळणारा डबा जोडला. आतोबा स्वतः शिडी धरून उभे होते. माझ्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

आत्या येऊन पेटीजवळ थबकली. "बंद आहे?"

"चालू आहे."

तिने पेटीवर हात ठेवून खात्री केली. मग ओरडण्यासाठी घेतलेला श्वास तिने हळूच सोडला.

"जेवून जा रे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत आत्याचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. चांगला गोड होता. रंगाऱ्याने हात थांबवून मागे वळून पाहिलं, कोण पाहुणी आली म्हणून.